मास्तरांच्या मापाच्या स्प्रिंगा

"मापाच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही!" मास्तर म्हणाले आणि गळ्यातली टेप त्यांनी अशी काही झटकली, की समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने घाबरून दोन्ही हात वर केले.

तशी ती बढाई खोटी नव्हती. सत्तावीस वर्षं कपडे शिवून मास्तरांची नजर इतकी तयार झाली होती, की माणूस दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याची कंबर आणि छाती मास्तरांच्या डोक्यात छापून मोकळी व्हायची. कुणाचा डावा खांदा अर्ध्या इंचाने पडलाय, कोण पोट आत ओढून उभा आहे, कोण महिन्याभरात ते पोट बाहेर सोडणार आहे, सगळं त्यांना नुसतं बघून कळायचं. टेप ते फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी लावत.

पण यावेळी माप माणसाचं नव्हतं. मोटरसायकलचं होतं!

ही मोटरसायकल मास्तरांनी दोन महिन्यांपूर्वी घेतली होती. साधी नव्हे. डांबरी रस्ता दिसला की तोंड फिरवणारी, दगडधोंड्यांतून, चिखलातून, ओढ्यातून जायची मोटरसायकल! पिवळीजर्द, उंच, किडकिडीत, चाकांना मगरीसारखे दात. जुनी होती, पण मास्तर तरी कुठे नवे होते? पन्नाशी गाठली होती. "पन्नासाव्या वर्षी हे काय खूळ?" असं बायकोने विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, "सत्तावीस वर्षं मशीनचं पायडल मारतोय गं! एवढ्यात मी कुठल्या कुठे पोचलो असतो. पण दुकानातून एक इंच पुढे गेलेलो नाही!"

यावर बायकोलाही काही बोलता आलं नाही. आणि तिला बोलता न येणं ही घरातली मोठी घटना होती, कारण ती शाळेत खेळ शिकवायची. तसं बघितलं तर घरात शिकवणारी ती, पण 'मास्तर' म्हणायचे ते यांना, शिंपी म्हणून. तिला मात्र सगळे नुसतं बाई म्हणत. बाई तरुणपणी गोळाफेकीत विजेत्या होत्या. अजूनही भक्कम, रुंद खांद्यांच्या, ताठ. शेजारीपाजारी बंद पडलेली गाडी ढकलायची झाली की आधी बाईंना हाक मारत, मग गॅरेजवाल्याला. वजन विचारलं तर बाई घरचा पत्ता सांगावा तसं बिनधास्त सांगत, "ब्याण्णव! का?" त्या 'का'नंतर कुणी पुढे काही विचारत नसे.

आणि मास्तर? मास्तर छप्पन्न किलो. तेही जेवल्यावर.

तर अडचण अशी होती, की दोन महिन्यांत मास्तर सहा वेळा पडले. सहाही वेळा एकाच पद्धतीने. ब्रेक दाबला रे दाबला, की गाडी पुढच्या पुढे गुडघे टेकायची, नाक मातीत खुपसायची आणि मास्तर हँडलवरून पुढे निघून जायचे. एकटेच. सहाव्या वेळी उजव्या अंगठ्याला प्लास्टर लागलं. शिंप्याचा उजवा अंगठा म्हणजे गवय्याचा गळा! बारा दिवस दुकानात कात्री चालली नाही. बाईंनी नवऱ्याला मदत म्हणून एका पँटची तुरपाई करून दिली, तर ती पँट गिऱ्हाइकाला वरून घालता येईना आणि खालून काढता येईना.

प्लास्टर निघालं त्या दिवशी बाईंनी निकाल जाहीर केला. "आता बास! गाडी विकायची."

"अगं, गाडीचा काही दोष नाही!"

"मग कुणाचा आहे?"

"स्प्रिंगांचा!" मास्तर तळमळून म्हणाले. "हे बघ, पुढच्या चाकाला धरणारे हे दोन दांडे. याला फोर्क म्हणतात. प्रत्येकाच्या पोटात हातभर लांब एक स्प्रिंग असते. त्या स्प्रिंगा म्हाताऱ्या झाल्यात. दबतात त्या दबतातच, परत उठत नाहीत."

"मला ओळखीचं वाटतंय हे सगळं," बाई त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या.

"एक संधी दे! फक्त एक!"

बाई खेळाडू होत्या. संधी मागितल्यावर नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "ठीक आहे. तिसऱ्या रविवारी. जुन्या दगडखाणीत. एक पूर्ण चक्कर, न पडता. मी स्वतः शिट्टी घेऊन उभी राहीन. पडलात, तर सोमवारी गाडी लॉन्ड्रीवाल्याला!"

मास्तर धावत जाऊन गाडीपुढे आडवे उभे राहिले. कारण लॉन्ड्रीवाल्याचं दुकान बरोबर समोर होतं आणि गाडी आल्या दिवसापासून त्याचा तिच्यावर डोळा होता. "उंच आहे, मास्तर," तो रोज म्हणायचा. "दोन्ही बाजूंनी टोपल्या अडकवल्या ना, की धुतलेल्या चादरींना रस्त्यातला चिखल लागायचा नाही. काय मस्त दिसेल!"

ओढे पार करायला जन्मलेली ती वाघीण गळ्यात टोपल्या घालून उशांचे अभ्रे पोचवत फिरणार! मास्तरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हणजे छप्पन्नही राहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी दूरच्या शहरातल्या एका स्प्रिंगवाल्याला फोन लावला. हा माणूस फक्त फोर्कच्या स्प्रिंगा विकायचा आणि दिवसभर फोनवर असल्यामुळे त्याचा आवाजही स्प्रिंगसारखा वर-खाली व्हायचा.

"गाडी कळली. तुमचं वजन सांगा," तो म्हणाला.

"माझं? स्प्रिंग गाडीत बसवायची आहे, माझ्यात नाही!"

"अहो साहेब, सगळा खेळच त्याचा आहे! जसा स्वार तशी स्प्रिंग. हलकी घेतली तर गाडी नाक खुपसते. जड घेतली तर दबतच नाही, हाडं खिळखिळी करते. माझ्याकडे तक्ता आहे. हेल्मेट, बूट, गुडघ्याच्या ढाली, पाठीवरची पिशवी, पाण्याची बाटली, सगळं अंगावर चढवून वजन करा आणि कळवा. तुम्ही बसलात की पुढचा फोर्क बरोबर चार बोटं दबला पाहिजे. तीन नाही, पाच नाही, चार!"

मास्तरांचा चेहरा उजळला. माप! फिटिंग! चार बोटं! अरे, हे तर शिवणकामच झालं की! सहा वेळा पडलो तो उगाच, त्यांना वाटलं. हा प्रांत आपलाच होता आणि आपल्याला पत्ता नव्हता!

आता एवढं सगळं चढवून वजन करायचं कुठे? घरातल्या काट्यावर बाईंनी एकदा जोरात पाय ठेवल्यापासून तो कायम तेहतीस दाखवायचा. रस्त्यात खात्रीचा काटा एकच होता. लॉन्ड्रीत. गाठोड्यांचा.

मास्तर पूर्ण जामानिमा करून, डोळ्यांवर गॉगल, पाठीला पिशवी, रस्ता ओलांडून लॉन्ड्रीत शिरले. काउंटरवर एक आजी चादरी देत होत्या. त्या चादरी तिथेच टाकून निघून गेल्या.

"कोण?" लॉन्ड्रीवाल्याने इस्त्री हातात घट्ट धरून विचारलं.

"मी आहे! वजन करायचंय."

"अच्छा, मास्तर! चढा." त्याने काट्यावरचं गाठोडं खाली घेतलं आणि सवयीने विचारलं, "ओलं की सुकं?"

"काय?"

"नाही, आमच्यात विचारावं लागतं. पासष्ट." आणि मग त्याने मास्तरांभोवती एक फेरी मारून हळूच विचारलं, "गाडी देणार ना मग? मी टोपल्या विणायला टाकल्यात."

"रविवार होऊ दे!" मास्तर गुरगुरले आणि काट्यावरून उतरताना पाण्याच्या बाटलीत अडखळून मऊ गाठोड्यावर आडवे झाले. बाईंनी हे बघितलं नाही, आणि तसंही ते मोजण्यात धरलेलं नव्हतं.

पासष्ट! आकडा मिळाला. आता फोन उचलायचा, पासष्ट म्हणायचं आणि फोन ठेवायचा. एवढं केलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण मास्तरांचा हात फोनवर गेला आणि तिथेच थबकला. नुसते पासष्ट? जसंच्या तसं? सत्तावीस वर्षांत मास्तरांनी एकही कपडा मापाला माप शिवला नव्हता. शिवणीच्या आत जादा कापड दुमडून सोडतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. माया न ठेवता शिवणारा शिंपी म्हणजे दयामाया नसलेला माणूस, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. माणूस वाढतो! आज छप्पन्न, उद्या कोण जाणे! स्प्रिंग काही उसवून सैल करता येत नाही. त्यांनी कानामागचा खडू काढला, टेबलावर पासष्ट लिहिले, खाली तीन किलो माया मिळवली आणि अडुसष्टला गोल केला.

नेमके त्याच वेळी सासरेबुवा दुकानात आले. सासरेबुवा म्हणजे बाईंचे वडील. वय चौऱ्याहत्तर. उभी हयात पूल बांधण्यात गेलेली. एकतीस पूल बांधले, त्यातला एकही पडला नाही. त्यातल्या चारांवरून रस्ताच गेला नाही हा भाग वेगळा, पण पडला नाही तो नाहीच.

"कसला हिशोब चाललाय, जावईबुवा?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. सासरेबुवांनी चष्मा कपाळावर चढवला, टेबलावर वाकले, आणि अडुसष्टकडे असं बघितलं, जणू त्या आकड्याला तडा गेलाय.

"एवढाच?"

"माया धरून आहे, बाबा."

"माया वगैरे तुमच्या चोळ्या-पोलक्यांना! हे लोखंडाचं काम आहे. दहा टनांचा ट्रक जायचा असेल तर पूल दहा टनांचा बांधतात का? उद्या तो ट्रकवाला उड्या मारत गेला तर?"

"ट्रक उड्या मारतो?"

"तुम्ही मारणार आहात ना?"

मुद्दा बिनतोड होता.

"पुलाला आम्ही दीडपट धरायचो," सासरेबुवा म्हणाले. "तुम्ही घरचे, म्हणून सव्वापट धरतो." आणि त्यांनी मास्तरांच्याच खडूने, मास्तरांच्याच टेबलावर, अडुसष्टचे पंच्याऐंशी केले. खाली दोन रेघा मारल्या. वर सही केली. तारीख घातली!

मास्तरांनी फोन लावला. "पंच्याऐंशी!" ते ठासून म्हणाले.

पलीकडे तक्त्याचा कागद फडफडला. मग स्प्रिंगवाला म्हणाला, "नक्की ना?"

"एकदम नक्की!"

"बरं बरं," तो म्हणाला. त्या 'बरं बरं'मध्ये काहीतरी होतं. पण ते काय होतं हे मास्तरांना फार उशिरा कळलं.

आठव्या दिवशी खोकं आलं. मास्तरांनी दुकानाच्या मागच्या अंगणात गाडीचं पुढचं चाक क्रेटवर चढवलं. सासरेबुवा खुर्ची टाकून देखरेखीला बसले. फोर्कची टोपणं उघडून जुन्या स्प्रिंगा बाहेर ओढल्या, तर त्या तेलात बुडालेल्या, मान टाकलेल्या, बिचाऱ्या. नव्या चकचकीत, ताठ. त्या आत ढकलून वरून टोपण लावताना मास्तर तीन वेळा टोपणासकट मागे फेकले गेले.

"वा!" सासरेबुवा म्हणाले. "मजबुती आहे!"

काम झालं. मास्तर पूर्ण पोशाख करून गाडीवर बसले. सासरेबुवांनी वाकून फोर्कवर खडूची खूण केली आणि टेप लावली.

"किती दबला, बाबा?"

"एक बोट. करंगळी."

"चार पाहिजे होता."

"चार कशाला? छे छे! पूल हलता कामा नये, जावईबुवा. उत्तम काम झालंय!"

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. पण ती त्यांनी लगेच गप्प केली. नवं कापड ताठ असतंच, त्यांनी स्वतःला समजावलं. कांजी असते. एक धुणं झालं की अंगाला बसतं. रविवारी खाणीतल्या डबक्यातून गेलो, की होईल सैल!

रविवार उजाडला. खाण गावाबाहेर होती. दगड संपल्यावर सोडून दिलेली, वाडग्यासारखी खोल, तळाला हिरव्या पाण्याचं डबकं. चक्कर अशी होती: कडेवरच्या खांबापासून उतार, मग डबक्याचा काठ, मग दगडांच्या ढिगाऱ्यावरून, मग एक उंचवटा आणि चढ चढून परत खांब. बाई खेळाच्या पोशाखात, गळ्यात शिट्टी, हातात वही. सासरेबुवा छत्री उघडून दगडावर. आणि एक माणूस दोन भल्यामोठ्या वेताच्या टोपल्या घेऊन आलेला.

"तू कशाला आलास?" मास्तर ओरडले.

"माप घ्यायला," लॉन्ड्रीवाला नम्रपणे म्हणाला. "टोपल्या बसतात का बघतो. तुमचं चालू द्या."

बाईंनी शिट्टी फुंकली. मास्तर सुटले!

उतार संपेपर्यंत मास्तर राजा होते. ब्रेक दाबला आणि काय आश्चर्य, गाडीने गुडघे टेकले नाहीत! नाक खुपसलं नाही! "बघितलंस?" मास्तर हेल्मेटच्या आतून किंचाळले. एवढ्यात पहिला दगड आला. मुठीएवढा. गाडी त्यावरून अजिबात दबून गेली नाही. जशी होती तशी वर उडाली. दुसरा दगड. पुन्हा वर. जुन्या स्प्रिंगांवर गाडी गादीसारखी होती, आता इस्त्रीच्या टेबलासारखी! हँडल मास्तरांच्या हातात शिवणयंत्राच्या सुईसारखं वर-खाली, वर-खाली व्हायला लागलं. मास्तरांना दोन खाणी, चार डबकी आणि आठ लॉन्ड्रीवाले दिसायला लागले.

"ताठ बसा! ताठ!" बाई ओरडल्या.

"ब-ब-ब-बस-स-स-लोय!" मास्तरांचा आवाजही टाके घालत आला.

आणि मग ढिगारा. पुढचं चाक ढिगाऱ्याला लागलं, फोर्क दबला नाही, ढिगारा दबणं शक्यच नव्हतं, म्हणजे आता हलू शकणारी तिथे एकच वस्तू उरली होती. मास्तर! ते सीटवरून सरळ वर गेले. वर गेल्यावर त्यांनी खाली बघितलं. गाडी त्यांच्याशिवाय पुढे निघाली होती, अगदी व्यवस्थित, स्वतःच्या मार्गाने. मग मास्तर खाली आले आणि डबक्यात बसले. पडले म्हणता येणार नाही. बसले. मांडी घालून. पाणी छातीपर्यंत. गाडी दहा पावलं पुढे जाऊन उंचवट्याला टेकून उभी राहिली.

"गाडी पडली नाही!" मास्तरांनी डबक्यातूनच अपील केलं. "नीट बघ! उभी आहे!"

"तुमचं काय?"

"मी बसलोय!"

"बाबा?" बाईंनी वडिलांकडे बघितलं.

सासरेबुवांनी छत्री मिटली. "तांत्रिकदृष्ट्या पूल शाबूत आहे," ते म्हणाले. "वाहतूक पडली."

शिट्टी वाजली. लांब, अखेरची. "बाद!"

मास्तर डबक्यातच बसून राहिले. उठावंसं वाटेना. सहा वेळा पडून जेवढं लागलं नव्हतं, तेवढं या एका शिट्टीने लागलं. लॉन्ड्रीवाला टोपल्या घेऊन उताराकडे निघालाही. बाईंनी वहीत फुली मारली, पण फुली मारताना त्यांचंही तोंड जरा उतरलं होतं. नवऱ्याला इतक्या वर गेलेलं त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं.

पण गाडी खाली, तळाशी. वर आणणार कोण? मास्तरांनी हात पुढे केले, तर दोन्ही हात हँडल नसतानाही हलत होते. सासरेबुवा चौऱ्याहत्तर. लॉन्ड्रीवाल्याने आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नव्हतं.

"व्हा बाजूला!" बाई म्हणाल्या. खाली उतरल्या, मास्तरांचं हेल्मेट काढून स्वतःच्या डोक्यावर दाबलं, त्यांची पिशवी पाठीला लावली आणि गाडीवर टांग टाकून बसल्या.

आणि मास्तर डबक्यात उभे राहिले. ताडकन! कारण त्यांची नजर फोर्कवर होती. बाई बसल्या तसा फोर्क खाली गेला. सावकाश, मऊ, अदबीने. एक बोट. दोन. तीन. चार. आणि थांबला. बरोबर चार! पाच नाही, तीन नाही. सत्तावीस वर्षांत मास्तरांनी हजारो माणसांच्या अंगावर कपडे चढवले होते. पण इतकं बिनचूक फिटिंग त्यांनी बघितलं नव्हतं! ना कुठे चुणी, ना कुठे ताण!

"अगं," ते पुटपुटले, "अगं, हे तर तुझं माप झालंय!"

बाईंनी ऐकलं नाही. त्यांनी किक मारली. शाळेत त्या रोज घरातली दुसरी, साधी मोटरसायकल घेऊन जायच्या, तेव्हा गिअरशी ओळख होतीच. गाडी वर चढ घ्यायला निघाली. पण चढाच्या अलीकडे एक दगड आला. गाडी त्यावरून अशी गेली, जशी मांजर भिंतीवरून उतरते. बाईंनी मागे वळून त्या दगडाकडे बघितलं. पुढे अजून एक आला. तोही गेला. बाई थांबल्या. खांब वर डावीकडे होता. ढिगारा उजवीकडे.

बाई उजवीकडे वळल्या!

"अगं ए!" सासरेबुवा ओरडले. "कुठे चाललीस?"

उत्तर आलं ते फक्त इंजिनाचं. बाई ढिगाऱ्यावरून गेल्या, डबक्याच्या काठाने गेल्या, मास्तरांना दुसऱ्यांदा भिजवलं, उंचवट्यावरून उडाल्या, चक्क उडाल्या, आणि खाली आल्या त्या पिसासारख्या! मग चढ, मग खांब, मग पुन्हा उतार. शिट्टी तोंडातच राहिली होती. दर उडीला ती आपोआप वाजत होती.

मास्तरांनी ओल्या खिशातून फोन काढला आणि स्प्रिंगवाल्याला लावला. पाण्यातून आलेला तो फोन लागला, हे त्याचं मोठेपण.

"खरं सांग," मास्तर म्हणाले, "किती वजनाच्या स्प्रिंगा पाठवल्यास?"

"पंच्याण्णव," पलीकडून आवाज आला.

"मी पंच्याऐंशी सांगितलं होतं!"

"अहो साहेब, वीस वर्षं धंद्यात आहे! खरं वजन कुणी सांगत नाही. सगळे पोट आत ओढून बोलतात. म्हणून मी गुपचूप दहा वाढवतो. आजवर एकाचीही तक्रार नाही! का हो, दबतात का अजून?"

मास्तरांनी फोन ठेवला. लॉन्ड्रीवाला एक, आपण दोन, सासरे तीन आणि हा चार. चौघांपैकी खरं वजन कुणी सांगितलं होतं? लॉन्ड्रीवाल्याने!

पाऊण तासाने बाई वर येऊन थांबल्या. भुवयांपर्यंत चिखल. दात तेवढे पांढरे, कारण सगळे दिसत होते. मास्तरांनी लग्नानंतर एवढे दात एकदाच बघितले होते, शाळेच्या मुलींनी गोळाफेकीत ढाल आणली तेव्हा.

लॉन्ड्रीवाला टोपली घेऊन पुढे झाला. "जरा या बाजूने अडकवू का?"

"हात लावायचा नाही!" बाई गरजल्या. टोपली हातातून पडली आणि गडगडत डबक्यापर्यंत गेली. "गाडी विकायची नाही. आजही नाही, सोमवारीही नाही!"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. डबक्यातलं वेगळं आणि हे वेगळं. "खरंच? अगं, मला माहीत होतं, तू..."

"तुम्ही पडलात हे मात्र पडलात. निकाल बदलत नाही. यापुढे गाडी माझी."

"आणि मी?"

बाईंनी विचार केला. खेळात अन्याय त्यांना चालत नसे. "तुमच्या मापाच्या स्प्रिंगा मागवा," त्या म्हणाल्या. "माझं झाल्यावर तुमच्या घालायच्या आणि हवं तेवढं चालवायचं. पण माझ्या सरावाच्या वेळी माझ्या स्प्रिंगा आत पाहिजेत!"

मास्तरांनी त्याच संध्याकाळी पासष्टच्या मागवल्या. स्प्रिंगवाल्याला शपथ घातली, सासरेबुवांना आठवडाभर दुकानात येऊ दिलं नाही, आणि स्वतःच्या हातातला खडू काढून गिऱ्हाइकाकडे दिला. आल्या त्या नेमक्या आल्या.

आता दर रविवारी सगळं ठरलेलं असतं. सकाळी बाई खाणीत सराव करतात. महिन्याअखेरीला एक शर्यत आहे, त्यात त्यांनी नाव दिलंय. लॉन्ड्रीवाला वेळ मोजतो, सासरेबुवा टाळ्या वाजवतात. जेवणाच्या सुमाराला बाई उतरतात आणि म्हणतात, "घ्या, आता तुमची पाळी!" मग मास्तर पुढचं चाक क्रेटवर चढवतात, टोपणं उघडतात, बाईंच्या स्प्रिंगा बाहेर काढतात, पुसतात, आपल्या घालतात आणि टोपणासकट मागे फेकले जातात. सुरुवातीला या कामाला सहा तास लागायचे. आता हात बसलाय. साडेचारात होतं.

संध्याकाळचं ऊन खाणीच्या कडेवर चढतं, तेव्हा गाडी तयार होते. मास्तर हेल्मेट घालतात, बूट घट्ट करतात आणि गाडीवर बसतात. फोर्क खाली जातो. चार बोटं. बरोबर चार! मास्तर दोन मिनिटं तसेच बसून राहतात. काय फिटिंग आहे! कुणीही बघून घ्यावं!

मग ते खाली उतरतात आणि पुन्हा पाना हातात घेतात. कारण सोमवारी पहाटे साडेपाचला बाईंचा सराव असतो.